कळलावी

टॉडमॉर्डनच्या गुरुवारच्या जुन्या बाजारात
पुस्तकांतून ब्लेडनं कापलेली पानं
पुठ्ठ्याच्या खोक्यात उभी करून ठेवलेली असतात.
एक पाच पौंडांना, तीन बाराला.
मी तीनच घेणार होते.

जिन्याकडच्या भिंतीला ओल येते.
कागद फुगतो, कुबट वास सुटतो
आणि मार्चपर्यंत तो नकाशा
दोन पायऱ्या वर चढलेला असतो.
रंगारी म्हणाला, चारशे लागतील.
म्हणून म्हटलं, फुलं लावू.

प्रिमरोझ. फॉक्सग्लव्ह.
तिसरा लाल देठांचा रुबार्ब,
ज्याची पानं खाल्ली तर माणूस जातो,
असं खोकेवाल्या हॅलिवेलनं सांगितलं
सुटे पैसे परत देता देता.

चौथं पान त्यानं फुकट दिलं.
डाग पडलेत, म्हणाला, चहात बुडवल्यासारखे,
आणि खालचं लॅटिन नाव उंदरानं अर्धं नेलंय.
कुठल्या देशातलं, कोण जाणे.

मी बघत राहिले.
पाकळ्या अशा उलट्या वळलेल्या,
वाऱ्यानं चुलीतला जाळ मागे जावा तशा,
बुडाशी पिवळ्या, शेंड्याला लाल.
पानाचं टोक बारीक होत होत दोराच झालेलं,
शेजारी जे सापडेल त्याला विळखा घालायला.
आणि कोपऱ्यात वेगळा काढलेला कंद,
नांगरासारखा, मातीविना.

कुडाळच्या चंपूआत्या अख्खा श्रावण
या वेलीला काठीनं गडग्यापलीकडे ढकलत.
घरात आणू नका गो, म्हणत,
फूल उंबऱ्याच्या आत आलं
की दिवेलागणीच्या आत भांडण.
कुणी बाळंतीण अडली की मात्र
कंद उगाळायला त्यांनाच बोलावणं यायचं.
कळ लावते ती कळलावी.
पोटात म्हणा, घरात म्हणा.

आपल्यात भांडण होऊन दोन वर्षं झाली.
प्लॉट विकलास, ते मला सही करताना कळलं,
तेव्हाही मी तुझं पेन परत दिलं
आणि थँक यू म्हटलं.
तेव्हापासून दारात समोरासमोर आलो
की सॉरी म्हणून बाजूला होतो आपण.
चहा हवाय का, विचारतो.
उद्या पाऊस आहे, सांगतो.
या गावात उद्या पाऊस असतोच.

फ्रेमा हॉस्पिसच्या दुकानातल्या.
एकीत कुणाच्या तरी कुत्र्याचा फोटो होता,
गळ्यात बक्षिसाची फीत.
तो मी काढला नाही,
फुलामागे राहू दिला.

चितारी कोण, कळायला मार्ग नाही.
सही कडेला असणार, ती ब्लेडखाली गेली.
एक वळण तेवढं उरलंय,
मोडीतलं असेल, फारसीतलं असेल,
किंवा नुसता ब्रश पुसला असेल त्यानं.
एक पान त्यानं रंगवलंच नाही.
शिसपेन्सिलीची रेघ, बास.
बाकीच्यांवरून समजून घ्या, म्हणत उठला असेल,
उजेड गेला म्हणून.

तीन चित्रं जिन्यात लागली.
हे दिवाणखान्यात,
जुन्या गॅसच्या दिव्याचं भोक झाकेल असं,
बरोबर तुझ्या खुर्चीसमोर.

तू बुडबुड्याची पट्टी घेऊन आलास,
एक डोळा मिटलास.
वाकडं आहे, म्हणालास.
नाही, मी म्हटलं.
डावीकडे उतरलंय.
भिंत उतरलीये.
पट्टी खोटं बोलत नाही.
पट्टी नसेल बोलत, मी म्हटलं,

आणि बोलतच राहिले.
तू प्लॉटचा भाव सांगितलास, वर कर्जाचा आकडा.
मी तिथले रतांबे मोजून दाखवले, बाराच्या बारा,
एकेक कुठे उभा होता ते हातानं हवेत दाखवून.
तुझा आवाज चढला, कितीतरी दिवसांनी, मराठीत.
हातातली पट्टी तू तशीच आडवी धरली होतीस
आणि बुडबुडा इकडून तिकडे पळत होता.

भिंतीपलीकडे मिसेस ऑल्ड्रॉइडनं
टीव्हीचा आवाज बारीक केला.